आमची वाटचाल: पिवळ्या बटणाची डबी

नाशिकमधल्या सातपूरच्या शेडमध्ये आम्ही मूळचे ठिबकचे टायमर बनवणारे. कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, किती मिनिटांनी बंद करायचा, एवढंच काम. निफाडच्या अण्णांच्या बागेचं पॅनल आमचंच. २०१६ मध्ये अण्णांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी काकूंनी दिली. पुढच्या हंगामात पॅनल दुरुस्तीला घेऊन आले तेव्हा म्हणाले, "बागेला पाणी वेळेवर जातं तुझ्यामुळे. माझ्या गोळीचं पण काहीतरी बघ."

अण्णांची गोळी म्हणजे टॅक्रोलिमस, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून. ती त्यांना दर बारा तासांनी घ्यायची असते. अण्णांची वेळ नऊ-नऊची. रक्तातली औषधाची लेव्हल उतरली की शरीर नव्या किडनीवर उलटतं. लेव्हल चढली की हात थरथरतात आणि तेच औषध किडनीला बाधतं. द्राक्षाची काढणी चालू असताना सकाळी नऊला अण्णा बागेत असायचे आणि मोबाईल घरी चार्जिंगला.

वेळ झाली की वाजणारी गोळ्यांची पहिली डबी मी टायमरच्याच सामानातून केली. डीएस-३२३१ ही घड्याळाची चिप आणि तिला सीआर-२०३२ सेल, म्हणजे लाईट गेली तरी वेळ हलत नाही. झाकणात मॅग्नेट, खाली मॅग्नेटने चालणारा रीड स्विच. झाकण उघडलं की नोंद. अर्ध्या तासात उघडलं नाही तर सिमवरून काकूंना मेसेज. झाकण उघडलं म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून मेसेज माणसाला जातो, आणि विचारायचं काम माणसाने करायचं.

२०१८ मध्ये मात्र शेडला कुलूप लागायची वेळ आली. लेव्हल तपासायचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं असतं. दिंडोरीकडचे एक पेशंट हॉस्पिटलात रक्ताच्या रांगेत उभे होते. बरोबर नऊला आमची डबी वाजली आणि त्यांनी गोळी घेतली. आम्हीच तर सांगितलं होतं, वाजली की घ्यायची. रक्त काढलं अकराला. रिपोर्ट भलताच वर आला. डोस कमी होणार होता, पण तिथल्या सिस्टरनी विचारलं, "आज गोळी कधी घेतली?" म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बातमी फिरली. महिनाभरात चाळीस डब्या परत आल्या. डबीच्या डायच्या, म्हणजे साच्याच्या, कर्जाचा हप्ता थकला, शेडमधली दोन मुलं कमी करावी लागली. अण्णांनी त्यांची डबी परत केली नाही. ते शेडमध्ये येऊन स्टुलावर बसले आणि लेव्हलचा दिवस पहाटे चारपासून कसा जातो ते सगळं सांगितलं. कधी निघतात, गोळी कुठल्या खिशात ठेवतात, जांभळ्या झाकणाची नळी भरली की मग चहा आणि गोळी. मी समोर सोल्डरिंग गन गरम ठेवून ऐकत होतो. त्यातून पिवळं बटण आलं. आदल्या रात्री ते दाबायचं, म्हणजे सकाळी डबी गप्प राहते. रक्त दिलं, गोळी घेतली की पुन्हा दाबायचं, डोसची खरी वेळ नोंदली जाते. डबीने केव्हा गप्प राहायचं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

मधली वर्षं बरी गेली. मग आमच्याच टेबलावर तीन वर्षं सोल्डरिंग केलेल्या मुलाने नाशिकमधल्याच अंबडला स्वतःची डबी काढली. आकार आमचा, झाकण आमचं, वर एक ॲप आणि किंमत कमी. एका प्रदर्शनात त्याला ढाल मिळाली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. हे लिहिताना अजूनही राग येतो. नक्कल केल्याचा राग आहेच, त्याहून जास्त राग त्याने पिवळं बटण गाळल्याचा आहे. खर्च वाचतो म्हणून! शिवाय त्याचे खण लहान, त्यात आठवड्याच्या कॅप्सूल सुट्या काढून भरायच्या. टॅक्रोलिमसची कॅप्सूल ओल धरते, ती घेईपर्यंत स्ट्रिपमध्येच राहिली पाहिजे. आमचा खण मी मुद्दाम मोठा ठेवला आहे, कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा बसेल एवढा. प्रत्येक डबीबरोबर छोटी कात्री देतो ती त्यासाठीच.

डबी कोणाचीही घ्या, पण एवढं ऐका. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. एक डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका. आणि ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते पपनसाच्या जातीचं फळ, त्याने लेव्हल चढते, पपनसही टाळायचं. आपल्याकडे हा घोळ फार. अण्णांनी स्वतःच्या बागेतली द्राक्षं सबंध एक हंगाम तोंडात घातली नव्हती. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा बागेत जाऊन पहिला घड काकूंच्या हातात दिला आणि मग स्वतः खाल्ला.

अण्णांची आता तिसरी डबी चालू आहे. सेल बदलायला ते स्वतः येतात, कुरिअर करत नाहीत.

अंबडची डबी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती सातपूरला घेऊन यावी. आत बोर्डावर जागा आहे, मी उघडून पाहिलं आहे. पिवळं बटण बसवून देतो, तासाभराचं काम आहे, पैसे घेणार नाही.