पोरीला हात लावत नाही ना!

मंगळवार, रात्री

पालकसभा आटोपली, सगळे पांगले, तरी एक आई बाकावरून उठेना. पदर नेहमीपेक्षा जरा जास्तच पुढे ओढलेला. मुलगी वर्गात पेंगते, गणितात एकदम मागे पडलीय, असं मीच काढलं. आधी गप्प. मग म्हणाल्या, "हे हात उचलतात हो मॅडम माझ्यावर अधूनमधून. पण पोरीला त्यांनी कधी बोट लावलेलं नाही. लई जीव आहे तिच्यावर."

हे इतक्या आयांकडून ऐकलंय! खोटं नसतंच ते. पण सासू, शेजारीपाजारी, आम्ही शिक्षकसुद्धा तेवढ्यावर निर्धास्त होतो.

पोरगी चौथीत आहे. परवा डबा खाताना सांगत होती, पप्पा गाडी स्टँडवर कशी लावतात त्यावरून तिला कळतं. दाणकन लावली, की आईचा मोबाइल चार्जिंगला लावायचा आणि धाकट्याला घेऊन वरच्या काकूंकडे 'खेळायला' जायचं. हळू लावली, तर दप्तर उघडायचं. चपातीचा तुकडा मोडत, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं तिने. रात्री कान दाराशी ठेवून झोपणाऱ्या पोरीला सकाळी साताचा पाढा कुठून आठवणार?

स्टाफरूममध्ये तिचं कौतुक असतं: किती गुणी, तोंडातून आवाज नाही. तिचा भाऊ बालवाडीत पोरांना चावतो, म्हणून तो वांड. मला विचाराल तर गुणी पोरीचीच धास्ती जास्त. चावणाऱ्याकडे निदान कुणाचं लक्ष तरी जातं.

अमेरिकेत फेलिटी आणि अंडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं. १९९८ साली ते छापून आलं. आईला मारहाण होताना पाहणं हे त्यांनी स्वतः मार खाण्याच्या जोडीने मोजलं. असे अनुभव जितके जास्त, तितकी पुढे व्यसनं, नैराश्य आणि हृदयविकारही जास्त. इंग्लंडच्या २०२१च्या कायद्यात तर असा प्रकार पाहणारं, ऐकणारं मूलही पीडितच धरलंय. आपल्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देता येतो, पण त्यासाठी आधी बाईने किंवा तिच्या वतीने कुणीतरी अर्ज करायला हवा. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २९ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलंय. म्हणजे माझ्या वर्गात ही एकटी नसणार.

पोलिसांकडच्या महिला व बालकांच्या विशेष कक्षाचं नाव काढलं, तशा त्या दचकल्याच. "पोलीस नको." मी ताणलं नाही. पोरीने दोघांच्या मध्ये पडायचं नाही, थेट वरच्या काकूंना गाठायचं आणि मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, १०९८, पाठ करायचा, एवढं ठरलं. आणखी एक सांगितलं: तिला जवळ घेऊन सांगा, की हे तुझ्यामुळे होत नाही. कारण गेल्या वेळचं भांडण आपल्या मार्कांवरून पेटलं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यावर त्या रडल्या, पहिल्यांदाच.

शनिवारी समुपदेशक बाई येतायत, त्यांच्याशी बोलेन. प्रगतिपुस्तकं मात्र उद्याच द्यायचीत. तिच्या शेऱ्यात 'अभ्यासाकडे दुर्लक्ष' असं काही लिहिणार नाही. सही करायच्या आधी पप्पा तेच वाचतात.