आमची वाटचाल : हात आधी, चित्र नंतर

कोल्हापुरात बसून रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर बनवतो म्हटलं की लोक अजूनही विचारतात, म्हणजे टीमव्ह्यूअर बसवून देता का? नाही ओ. ऑफिसातल्या दमदार मशिनवर कॅड, म्हणजे ड्रॉईंग आणि थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर, चालतं, त्याची स्क्रीन व्हिडिओ करून घरी बसलेल्या डिझायनरच्या साध्या लॅपटॉपवर पोचवायची, आणि मधली इंटरनेटची लाइन क्षणाक्षणाला बदलत असताना त्याचा हात अडू द्यायचा नाही, हे आमचं काम. २०११ साली राजारामपुरीत एका खोलीत सुरू केलं तेव्हा दोघंच होतो, मी आणि माझा पार्टनर, कॉलेजपासूनचा मित्र. आज नऊ जण आहोत.

सुरवातीला आम्ही सीए लोकांच्या ऑफिसात व्हीएनसी बसवून द्यायचो, म्हणजे एका मशिनची स्क्रीन दुसऱ्यावर दाखवायची जुनी पद्धत. व्हीएनसीचा एक गुण मला आजही आवडतो, पलीकडचं मशिन मागतं तेव्हाच अलीकडून चित्र जातं, त्यामुळे लाइन मंदावली की फ्रेम आपोआप कमी होतात, कोणाला काही करावं लागत नाही. आकड्यांच्या कामाला पुरतं ते. पण स्क्रीनवर मॉडेल फिरवायला घेतलं की सगळी स्क्रीनच बदलते आणि तिथं ते गुडघे टेकतं. नुसता हिशोब करा, १९२० बाय १०८०, २४ बिट, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे कच्चा माल जवळजवळ दीड जीबीपीएस, आणि तो जायचा कशातून तर एडीएसएलच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटच्या, अपलोडमधून, जो एक एमबीपीएस मिळाला तर नशीब. आणि मशिन ऑफिसात असतं म्हणजे चित्र ऑफिसच्या अपलोडवरून जातं, डाउनलोड कितीही मोठं असलं तरी इथं उपयोग शून्य, हे मी आजही आठवड्यातून दोनदा कुणाला तरी समजावतो.

आमचं पहिलं पैसे देणारं कॅडचं गिऱ्हाईक म्हणजे शिरोली एमआयडीसीतले अण्णा. पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने करणारा कारखाना, आसपासच्या फाउंड्र्यांना पॅटर्न आणि कोअर बॉक्स पुरवायचे. एक चांगलं वर्कस्टेशन घेतलेलं आणि दोन डिझायनर, त्यातला एक शाहूवाडीकडचा, रोज येणं-जाणं अवघड. अण्णांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं ते स्वतः सांगायचे, पण त्यांच्याएवढं अचूक बग रिपोर्ट मला आजवर कोणी दिलेलं नाही. एच २६४ चा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग, बसवून आम्ही मोठ्या अभिमानानं दाखवायला गेलो तर म्हणाले, "पोरा, लाल रेघ इटलीया." खरंच विटलेली होती. काळ्या बॅकग्राउंडवरची बारीक लाल डायमेन्शन लाइन तपकिरी धुरकट दिसत होती, कारण साधा एन्कोडर ४:२:० मधे चालतो, चार पिक्सेलना मिळून एकच रंग. सिनेमात माणसाला ते कळत नाही, ड्रॉईंगमधे लगेच कळतं. मायक्रोसॉफ्टनं सुद्धा आपल्या रिमोट डेस्कटॉपच्या आरडीपी १० मधे ४:४:४ चा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग देणारा, मोड आणला तो याच दुखण्यासाठी. आम्ही अण्णांसाठी स्क्रीनचे तुकडे वेगळे केले, रेघा आणि अक्षरं एका वाटेनं, फिरणारं मॉडेल दुसऱ्या वाटेनं. त्या कामाचे जादा पैसे आम्ही लावले नव्हते, अण्णांनी आपणहून दिले, वर डबा भरून भडंग.

पुढची चार-पाच वर्षं बरी गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कामं येत होती, पगार वेळेवर होत होते.

२०१८ ला आम्ही बुडता बुडता वाचलो.

पुण्याची एक ऑटो पार्ट डिझाइन करणारी कंपनी, ३८ सीट, म्हणजे ३८ जणांसाठी सॉफ्टवेअर, आमच्यासाठी तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. बसवलं, पहिला आठवडा उत्तम गेला. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी फोन सुरू झाले, स्क्रीन दोन सेकंद मागं चालतीय. आमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं. पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेले डेटाचे तुकडे, शून्य. मी त्यांना ठामपणे सांगितलं, लॉस शून्य आहे म्हणजे लाइन मोकळी आहे, तुमच्या लॅपटॉपमधेच काहीतरी असणार. हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

चूक आमची होती आणि ती मी इथं नीट सांगतो, कारण या धंद्यात येणारे बरेच जण हीच करतात. आमचं सॉफ्टवेअर लॉस दिसला की क्वालिटी उतरवायचं आणि लॉस नसेल तर चढवायचं. पण राउटर त्याचा बफर, म्हणजे साठवायची जागा, भरेपर्यंत पॅकेट टाकून देत नाही, साठवून ठेवतो. समजा बफर २५६ केबी आहे आणि अपलोड एक एमबीपीएस, तर तो बफर रिकामा व्हायला दोन सेकंद लागतात. म्हणजे पॅकेट हरवत एकही नाही, सगळी पोचतात, पण दोन सेकंद शिळी होऊन. आणि आमचं सॉफ्टवेअर लॉस नाही म्हणून खूश होऊन अजून बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, वाढवत होतं, म्हणजे तुंबलेल्या मोरीत आम्हीच वरून बादल्या ओतत होतो. प्रोग्रामर जिम गेटिस यांनी या रोगाला बफरब्लोट असं नाव दिलं त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग लहान ठेवायची कोडेल ही पद्धत २०१२ मधेच मांडली होती, आणि मी हे वाचलेलं सुद्धा होतं, फक्त ते आपल्या घरात शिरलंय हे ओळखलं नाही.

तेवढ्यात मुंबईची एक कंपनी आमच्याविरुद्ध उतरली. नाव घेत नाही. पुण्यात हॉटेलात डेमो ठेवला, त्या ऑटो कंपनीनं सौजन्य म्हणून मलाही बोलावलं, मागच्या रांगेत बसलो होतो. स्क्रीनवर डोंगरदऱ्यांचा ड्रोननं काढलेला व्हिडिओ, लख्ख, एक फ्रेम तुटत नाही, लोक बघतच राहिले. अहो पण तसा व्हिडिओ अर्धा सेकंद साठवून मग दाखवला तर कुठल्याही लाइनवर गुळगुळीतच चालतो, सिनेमाला अर्धा सेकंद उशीर झाला तर कोणाचं काय अडतं? इथं डिझायनर माउस धरून बसलेला असतो. त्या अख्ख्या डेमोत माउसला कोणी हात लावला नाही आणि लाइन त्यांनीच आणलेली. मी उठून म्हणालो, एकदा एखादं मॉडेल फिरवून दाखवा. प्रश्न शेवटी घेऊ म्हणाले, शेवटी चहा होता.

ऑर्डर त्यांना गेली. आमचं ४ लाख १० हजारांचं बिल अडकलं, आईच्या नावावरची एफडी मोडून दोन महिन्यांचे पगार केले, पाचपैकी दोन पोरं सोडून गेली, आणि दिवाळीच्या आधी पार्टनरही गेला. त्याचं म्हणणं होतं की लोकांना सुंदर चित्र हवंय तर आपणही थोडं साठवून सुंदर दाखवू. माझं म्हणणं होतं हात आधी, चित्र नंतर. कोणाचं बरोबर यावर आम्ही तीन आठवडे भांडलो. त्यानं लिहिलेला एन्कोडरचा कोड आजही आमच्या प्रॉडक्टच्या पोटात आहे आणि इतका स्वच्छ कोड मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. पण हिस्सा किती, कोड कोणाचा, यातलं काहीच कागदावर नव्हतं, मिटवायला दीड वर्ष गेलं. मित्राबरोबर धंदा करत असाल तर पहिल्या दिवशी वकिलाकडं जा, मैत्री टिकवायची असेल तर नक्कीच जा.

त्या हिवाळ्यात मी लॅपटॉप घेऊन अण्णांच्या शॉपवर जाऊन बसलो. ऑफिसात एकटं बसवत नव्हतं हेही खरं. त्यांची लाइन वाईट होती म्हणजे माझ्यासाठी उत्तम होती. अण्णा एकदा मागं उभं राहून बघत होते आणि म्हणाले, "हात पुढं पळतोय आन रेघ मागनं चालत येतीया, असं काम हुतंय व्हय?" ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मोजायची रीत साधी ठेवली. मोबाइल स्टँडवर लावायचा, २४० फ्रेमचं स्लो मोशन सुरू करायचं, एका चौकटीत कीबोर्डवरचं बोट आणि स्क्रीन दोन्ही दिसेल असं. मग बोट दाबल्यापासून स्क्रीन बदलेपर्यंतच्या फ्रेम हातानं मोजायच्या, एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद. डॅशबोर्ड खोटं बोलू शकतो, हे बोलत नाही. दुसरं हत्यार म्हणजे 'खड्डेवाला', जुना डेस्कटॉप, दोन लॅन कार्ड, त्यावर लिनक्स, आणि नेटएम हे लिनक्समधलं लाइन बिघडवायचं साधन वापरून मधल्या लाइनवर पाहिजे तसे खड्डे पाडायचे, ९० मिलिसेकंद डिले, २ टक्के लॉस, मधेच रेट निम्म्यावर. अण्णांकडं संध्याकाळी सहा वाजता लाइन कशी वागते ते नोंदवून तसंच्या तसं खड्डेवाल्यात भरलं, म्हणजे राजारामपुरीत बसून दिवसातून वीस वेळा शिरोलीची संध्याकाळ करता येऊ लागली.

उपाय असा निघाला की लॉसची वाट बघायचीच नाही. पॅकेट ज्या अंतरानं पाठवली त्याच अंतरानं पोचतायत का ते बघायचं. अंतर वाढायला लागलं म्हणजे कुठंतरी रांग लागतेय, लगेच हात आखडायचा. गुगलनं वेबआरटीसीसाठी, म्हणजे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलच्या तंत्रासाठी, केलेल्या पद्धतीचा मसुदा वाचला, त्यात रांग दिसली की प्रत्यक्ष पोचणाऱ्या रेटच्या ०.८५ पटीवर उतरायचं असं आहे आणि परत चढायचं ते सावकाश. आम्ही उतरणं तेच ठेवलं, चढणं अजून हळू केलं, कारण डिझायनरला क्वालिटी वरखाली झुलताना दिसली की डोकं दुखतं, त्यापेक्षा एकसारखी मध्यम बरी. दुसरं म्हणजे की-फ्रेम. पूर्वी एखादं पॅकेट हरवलं की आम्ही पूर्ण चित्र नव्यानं पाठवायचो, २०० केबीचा गोळा, एक एमबीपीएसच्या लाइनवर दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ तोच अडकून बसायचा, म्हणजे पडलेल्याच्या अंगावर अजून एक. आता पलीकडं नक्की पोचलेली शेवटची फ्रेम धरून तिथून पुढचा फरक तेवढा पाठवतो. आणि मॉडेल फिरत असताना चित्र खुशाल मऊ होऊ द्यायचं, हात थांबला की पाव सेकंदात धारदार करायचं. डोळा फिरत्या वस्तूतले बारकावे तसेही बघत नाही. ही शेवटची युक्ती आमची नाही, टेराडिची कंपनीच्या पीसीओआयपी या रिमोट डेस्कटॉपच्या तंत्रात ती आधीपासून होती, चांगलं ते घ्यावं आणि कोणाचं ते सांगावं.

फेब्रुवारी २०१९ मधे अण्णांच्या लाइनवर, भर संध्याकाळी, बोटापासून स्क्रीनपर्यंत ३१ फ्रेम आल्या, म्हणजे १३० मिलिसेकंदाच्या आसपास. आधी त्या फ्रेम चारशेच्या वर जायच्या. मी तीन वेळा मोजल्या. अण्णा पंपाच्या केसिंगची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, बघत होते, त्यांनी मॉडेल उलटंसुलटं फिरवलं आणि काहीच बोलले नाहीत, कामच करत राहिले. तक्रार नाही म्हटल्यावर मी बाहेर जाऊन पार्टनरला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, अंगठा.

मार्च २०२० ला लॉकडाउन लागला आणि अण्णांचा शाहूवाडीवाला डिझायनर गावात अडकला, घराच्या माळ्यावर गेलं तरच फोर जी यायचं, रेट कधी चार एमबीपीएस तर कधी चारशे केबीपीएस. त्यानं तिथून पूर्ण तीन महिने काम केलं. त्याच्या माळ्यावरच्या लाइनची ती चालही खड्डेवाल्यात भरून ठेवलीय, प्रत्येक नवीन व्हर्जनला आधी तिच्यावर पास व्हावं लागतं.

घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, आमच्याकडून घ्या नाहीतर कोणाकडून घ्या, डेमो तुमच्या लाइनवर, संध्याकाळी, घरातली मंडळी व्हिडिओ बघत असताना घ्या, आणि माउस तुमच्या हातात ठेवा. वायफायपेक्षा केबल बरी.

२०२० च्या जुलैमधे पुण्याच्या त्या ऑटो कंपनीतून फोन आला. मुंबईवाल्यांचं सॉफ्टवेअर डिझायनरच्या घरच्या लाइनवर चालत नव्हतं. मी १२ सीट त्यांच्याच लोकांच्या घरी, त्यांच्याच लाइनवर लावून दिल्या, त्या आजही चालू आहेत. जुन्या बिलाचा विषय काढला तर म्हणाले, तेव्हाचे मॅनेजर आता नाहीत. त्या मुंबईच्या कंपनीच्या ब्रोशरवर हल्ली 'डिले बघून क्वालिटी बदलणारं इंजिन' असं मोठ्या अक्षरात असतं, आणि ते त्यांनीच आधी केलं असं आमची गिऱ्हाइकं मला सांगतात, तेव्हा मी वहीतली फेब्रुवारी २०१९ ची तारीख दाखवतो. ४ लाख १० हजारांचं ते बिल फाइलीत आहे. दर मार्चला मी पुण्याच्या त्या ऑटो कंपनीच्या अकाउंट्सला त्याचा मेल टाकतो, यंदाही टाकला.