लातूरच्या गच्चीवरची काचेची खोली

लातूरमधल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा मे महिन्यात फोन आला. गच्चीवर दोन वर्षांपूर्वी करून घेतलेल्या काचेच्या खोलीचं छत वाजतं, ही तक्रार. मी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "रात्री वर कुणीतरी चालतंय बघा." माकडं असतील म्हणून छतावर जाळीही टाकून झाली होती. मी विचारलं, "काकू, आवाज नेमका कधी येतो?" सकाळी ऊन चढताना आणि दिवस मावळल्यावर तासभर, भर दुपारी नाही, मध्यरात्रीनंतर नाही. तिथंच अर्धं निदान झालं.

खोली बारा बाय सोळा फुटांची. चारही बाजूंनी काच, छताला 10 मिमीची पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची, आत पोकळ नळ्या असलेली शीट. दुपारी तीनला सावलीत थर्मामीटर धरला, बाहेर 41 अंश, आत 53. सोफ्याचं रेक्झिन तडकलेलं, टीपॉयचं विनिअर कडेनं सुटलेलं. मार्च ते जून खोलीला कुलूपच असायचं.

आधी आवाजाचं सांगतो. पॉलिकार्बोनेट दर मीटरला, दर अंशाला 0.065 मिमी वाढतं. पहाटेच्या थंडीतले 12 अंश आणि मेच्या उन्हात तापलेल्या शीटचे 60 धरले, तर बारा फुटी शीट 11 मिमीहून जास्त लांबते. खालचा लोखंडी बॉक्स, म्हणजे आधाराचा चौकोनी पाइप, मात्र तेवढ्याच फरकाला जेमतेम 2 मिमी वाढतो. इथं शीट फुटाफुटावर आरपार स्क्रूनं आवळलेली आणि भोकं स्क्रूच्याच मापाची. वाढायला जागा नाही म्हणून शीट फुगते, ताण सुटला की कडकन बसते. संध्याकाळी निवताना तेच उलटं. एक स्क्रू काढून दाखवला. भोकाभोवती केसाएवढ्या भेगा पडलेल्या होत्या. अजून एक-दोन उन्हाळ्यांत तिथून पाणी गळलंच असतं.

शीट उलटीही बसवली होती. छापील फिल्म असते ती बाजू आकाशाकडे हवी, कारण अतिनील किरण अडवणारा थर तिथं असतो. तो खाली गेला की शीट पिवळी पडते, मग ठिसूळ होते. नळ्यांची तोंडं उघडी राहिल्यानं आत धूळ, मुंग्या, शेवाळ. वरच्या तोंडाला ॲल्युमिनियमची टेप आणि खालच्याला वाफ बाहेर सोडणारी छिद्रांची टेप लागते. फटी बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रलच घ्यावं. व्हिनेगरसारखा वास येणारं इथं चालत नाही.

आता उष्णतेकडे येतो, खरं दुखणं तेच. काचेची खोली ही थंड देशांतली कल्पना; तिथं ऊन आत कोंडून ठेवायचं असतं. लातूरला मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या उभ्या काचेवर दुपारचं ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळा मारा छतावर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो आणि त्याच काचेतून कोवळं ऊन आत येतं. म्हणून मराठवाड्यात दक्षिणेची काच खुशाल ठेवावी, पश्चिमेची झाकावी, आणि छत पारदर्शक करूच नये. लोक नेमकं उलट करतात.

सर म्हणाले, "पण मला पाऊस बघायचाय वर." ते अगदी रास्त होतं. त्यामुळे दक्षिणेकडे उतरत्या छताचा आठ फुटांचा भाग 50 मिमीच्या पफ पॅनेलचा (दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा फोम) केला आणि उत्तरेचा चार फुटी पट्टा काचेचा ठेवला. डोक्यावरची काच लॅमिनेटेडच हवी. इथं 5 आणि 5 मिमीच्या काचा, मध्ये पीव्हीबी या चिकट प्लॅस्टिकचा पडदा. 2014 च्या गारपिटीनंतर मराठवाड्यात हे वेगळं पटवावं लागू नये. नुसती टफन्ड काच फुटली की तुकड्यांचा ढीग खाली येतो. लॅमिनेटेड तडकली तरी जागेवर धरून राहते. तिचं वजन चौरस मीटरला 25 किलो, म्हणून त्या पट्ट्याखाली अडीच-अडीच फुटांवर नवे बॉक्स जोडले. काचेच्या वर फूटभर अंतरावर 75 टक्क्यांच्या शेडनेटची चौकट बसवली. ती होळीला चढवायची आणि मृगाचा पाऊस लागला की उतरवायची. नेट आतून लावून फारसा उपयोग नाही, ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं.

उत्तरेच्या उंच भिंतीत छताखाली नऊ इंची लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, सलग ठेवले, दक्षिणेला जमिनीलगत जाळीच्या खिडक्या केल्या. गरम हवा वरून निघते, खालून दुसरी येते. कूलर खालच्या खिडकीला लावावा आणि वरचे लूव्हर उघडेच ठेवावेत. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो. पश्चिमेला काचेच्या बाहेर, फूटभर सोडून बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, टांगल्या. वळवाच्या वाऱ्यासाठी त्या खालूनही बांधायच्या.

सजावट शेवटी. चकचकीत टाइलवर उजेड डोळ्यांवर येतो, म्हणून शहाबादी फरशी. बसायला सागवानी लाकूड, सुती गाद्या, कव्हरं फिकट रंगाची. गडद रंग इथं महिन्यांत विटतात. हिमरूसारखं रेशमी-सुती विणीचं कापड या खोलीत वापरूच नये. उत्तरेच्या पट्ट्याखाली स्नेक प्लांट, मनीप्लांट, अरेका. दक्षिणेला कोरफड आणि जेड. अडेनियम आणि बोगनवेल बाहेर गच्चीवरच. त्यांना उन्हाळ्याचं थेट ऊन लागतं. फर्न मी काकूंना घेऊ दिला नाही, एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याची पानं कडेनं जळतात.

बोअरच्या पाण्यानं काच धुतली की क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते पुढं सहज निघत नाहीत. घरातल्या एसीचं गळतं पाणी बादलीत साठवून त्यानं पुसावी. त्यात क्षार जवळजवळ नसतात.