तुम्ही विचारलंत म्हणून: नौपाड्यातली जागा आम्ही अजून का विकली नाही

"एवढ्याशा वन बीएचकेत कशाला अडकून पडलायत? विका आणि घोडबंदरला मस्त टू बीएचके घ्या की!"

हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. विचारणाऱ्यांत घोडबंदर रोडवरच्या वाघबीळला राहणारा माझा भाचा असतो, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी असतात, आणि माझा नंबर कुठून मिळाला देव जाणे असे एजंटही असतात. दर वेळी मी "बघू" म्हणून वेळ मारून नेते. या दिवाळीला भाच्यानं फराळाच्या ताटावर पुन्हा तोच विषय काढला, "मावशी, तू कोट्यधीश आहेस आणि राहतेस कशी बघ," असंही वर म्हणाला. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी जागा सांगते. ठाण्यातल्या जुन्या नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत तळमजला अधिक तीन मजल्यांची, बारा बिऱ्हाडांची आमची इमारत. लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, कार्पेट, म्हणजे भिंती सोडून आतली जागा, ४६५ फूट. सासऱ्यांनी १९७६ साली घेतली, ४१ हजारांना. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. काही पैसे पतपेढीतून काढले, काही पीएफमधून, आणि कमी पडले ते थोरल्या दिरांनी दिले. तेव्हा परळची सगळी मंडळी म्हणाली होती, "ठाण्याला? एवढ्या लांब कोण जातं राहायला?" मी घोडबंदरबद्दल आज जे बोलते, तेच ते ठाण्याबद्दल बोलत होते, हे मला कळतं. तरी पुढचं ऐका.

कोट्यधीश वगैरे जे भाचा म्हणाला ते हिशेबानं खरं आहे. आमच्या गल्लीत जुन्या इमारतीतल्या जागेला एजंट फुटाला बावीस हजारांच्या आसपास भाव सांगतात. म्हणजे ४६५ फुटांचे एक कोटी दोन लाख. नव्या टॉवरमध्ये भाव याहून बराच वर. यातला एक रुपयाही मी किंवा माझ्या नवऱ्यानं कमावलेला नाही. सासऱ्यांनी एका विशिष्ट वर्षी एका विशिष्ट गल्लीत पैसे भरले आणि बाकीचं काम गल्लीनं केलं. माझी पेन्शन मात्र बँकेची, आणि तिचं मूळ निवृत्तीच्या दिवशी जिथे होतं तिथेच आहे, वाढतो तो फक्त महागाई भत्ता. नौपाडा, पाचपाखाडी, चरई या भागाला बाहेरचे लोक श्रीमंत वस्ती म्हणतात, तेव्हा मला आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आठवतात. कोटीच्या जागेत राहतात आणि मेंटेनन्स बाराशेचा चौदाशे केला तेव्हा सभेत सर्वांत मोठ्यानं तेच बोलले. मी सेक्रेटरी असल्यामुळे ते बोलणं मलाच ऐकावं लागलं.

आता विकायचं म्हटलं तर काय होतं ते कागदावर मांडू. समजा एक कोटीची नवी जागा घेतली. ठाण्यात स्टॅम्प ड्युटी सात टक्के, त्यात एक टक्का मेट्रोचा अधिभार. जागा फक्त बाईच्या नावावर घेतली तर एक टक्का सूट, म्हणजे भरायचे सहा लाख. नोंदणीचे तीस हजार. इमारत अजून बांधून व्हायची असेल तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पाच लाख. दोन्ही बाजूंच्या एजंटांचं कमिशन, सामान हलवणं, ग्रिल, पडदे, किचनचा ओटा आवडला नाही तर तो फोडणं. बारा-तेरा लाख असेच जातात. आणि मग दर महिन्याचा मेंटेनन्स. स्विमिंग पूल, जिम, क्लबहाउस, गेटवर गणवेशातले चार वॉचमन, या सगळ्याचे पैसे फुटावर लावतात. भाचा महिन्याला साडेसहा हजार भरतो. त्याच्या पगाराला ते जाणवत नाही. माझ्या पेन्शनीला जाणवेल, आणि मला पोहता येत नाही.

पण पैशांचं हे सगळं बाजूला ठेवलं तरी खरं कारण वेगळं आहे, आणि ते चौऱ्याऐंशी वर्षांचं आहे.

सासूबाई सकाळी साडेनऊला काठी घेऊन खाली उतरतात. जिने उतरायला सात मिनिटं, मी मोजलीत. मग घंटाळीच्या देवळापर्यंत जाऊन येतात. वाटेत भाजीवाली त्यांच्यासाठी कोवळी गवार बाजूला काढून ठेवते, आणि केमिस्ट त्यांच्या गोळ्यांचं नाव न विचारता पाकीट देतो. दाताचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर, रक्त तपासणारा, चष्मेवाला, बँक, शिंपी, पोळीभाजी केंद्र, सगळं पायाखालचं. स्टेशन मला दहा-बारा मिनिटांवर. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय इथल्या लोकांना चालत जाता येतं. तलावपाळीवर गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभं राहिलं, तेव्हापासून सासरे दर महिन्याला एक तरी नाटक बघायचे, आणि रात्री साडेबाराला नाटक सुटल्यावर दोघं गप्पा मारत चालत घरी यायची. घोडबंदरला हे सगळं नाही असं नाही, उलट मॉल आणि मोठी इस्पितळं तिकडेच जास्त. पण कासारवडवली स्टेशनपासून दहा किलोमीटर, आणि मधे गुजरातकडे निघालेले ट्रेलर. सासूबाईंना तिथे नेलं तर त्या गाडीत बसवून न्यावं लागेल अशी एक वस्तू होतील. मेट्रो ४ वडाळ्याहून तीन हात नाका, कापूरबावडी करत कासारवडवलीकडे जाते आहे. ती नीट सुरू झाली की माझं म्हणणं निम्मं पडेल. पण मेट्रोचा जिनाही जिनाच.

म्हणजे फुटाला जो जादा भाव आहे तो चालण्याचा आहे. असं मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, चालतं कोण आता?" बरोबर विचारलं त्यानं, कारण इथे राहतं कोण हाच पुढचा मुद्दा आहे.

ठाणे शहराची लोकसंख्या १९९१ ला आठ लाख तीन हजार होती, २००१ ला साडेबारा लाखांच्या वर गेली, २०११ ला अठरा लाख एक्केचाळीस हजार. हे आकडे ऐकले की वाटतं सगळीकडे माणसं ओसंडून वाहतायत. वाढ झाली ती घोडबंदरच्या बाजूला, कळवा-मुंब्रा-दिव्याकडे. आमच्या गल्लीत माणसं कमी झालीत. सोसायटीचं सभासद रजिस्टर माझ्याकडेच असतं. बारा जागा. मी लग्न होऊन आले १९९० साली, तेव्हा इमारतीत छप्पन माणसं होती, कारण पाण्याच्या हिशेबासाठी माणसं मोजायचे. आज एकोणतीस. सात घरांत सगळे साठीच्या पुढचे. दोन घरांत एकेकटी बाई. एक जागा कुलूप. नॉमिनीचं पान तर वाचण्यासारखं आहे: पूर्वी पत्ता 'वरीलप्रमाणे' असा लिहायचे, आता हिंजवडी, बेंगळुरू, टोरांटो, न्यू जर्सी. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस वेगळे असू शकतात, हे मी दर सभेत सांगते. दर सभेत कोणीतरी दचकतं.)

रजिस्टर नको असेल तर पाट्या वाचा. मी आले तेव्हा गोखले रोडपासून राम मारुती रोडपर्यंत प्रत्येक जिन्याखाली क्लासची पाटी होती. दहावी-बारावी, स्कॉलरशिप, संस्कृत, टायपिंग. सरस्वती आणि बेडेकर शाळेची पोरं संध्याकाळी इकडून तिकडे सायकली मारायची. आता त्याच जिन्यांखाली फिजिओथेरपी, श्रवणयंत्रं, रुग्णांसाठी भाड्यानं खाट आणि व्हीलचेअर, चोवीस तास केअरटेकर मिळेल. क्लास पूर्ण गेलेले नाहीत, पण आता ते मोठ्या कंपन्यांचे, काचेच्या दाराचे. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडवर मात्र हजारो तरुण पोरं नटूनथटून उतरतात. त्यातली निम्मी घोडबंदरहून येतात, आमच्याच लोकांची नातवंडं. फोटो काढतात, मिसळ खातात आणि परत जातात.

"नौपाड्यातून मराठी माणूस हद्दपार होतोय," असं आमच्याकडे कट्ट्यावर फार बोललं जातं. मला हे अर्धंच पटतं. कोणी कोणाला काढलेलं नाही, विकणारे आपणच. भावाभावांत वाटणी करायची असते, भिंत कापून वाटता येत नाही, म्हणून जागा विकून पैसे वाटतात. शेजारच्या नव्या टॉवरमध्ये कोण आलं ते मी पाहिलंय. दोन गुजराती व्यापारी कुटुंबं, एक मारवाडी सीए, आणि बाकी चक्क मराठी डॉक्टर, आयटीतली जोडपी. त्यांतल्या दोघीतिघी इथेच वाढलेल्या, माहेराजवळ राहायचं म्हणून दोघांच्या पगारावर वीस वर्षांचं कर्ज काढून आलेल्या. गेला तो बेताच्या पगाराचा माणूस, भाषा कुठलीही असो. कोपऱ्यावरच्या पागडीच्या वाड्यातले शिवणकाम करणारे, प्रेसमधले कंपोझिटर, पोस्टातले शिपाई. सासरे आज चाळीस वर्षांचे असते आणि तीच नोकरी करत असते, तर त्यांना इथे पार्किंगची जागासुद्धा परवडली नसती.

आता रिडेव्हलपमेंट, कारण तो विषय निघणारच. २०१९ च्या जुलैमधल्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते, सभेला सहकार खात्याच्या रजिस्ट्रारचा प्रतिनिधी लागतो, व्हिडिओ शूटिंग लागतं. आमच्या बारा जणांत संमती मिळवायला अडचण नव्हती. अडचण गल्लीची. रस्ता सहा मीटरचा. डिसेंबर २०२० ला आलेल्या एकत्रित विकास नियमावलीत रस्त्याच्या रुंदीवर किती बांधता येईल ते ठरतं, आणि नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर साधारणपणे मूळ १.१ एफएसआयवर (म्हणजे जमिनीच्या १.१ पट बांधकामावर) प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन जादा बांधकाम चढवता येत नाही. मग बिल्डरला विकायला उरणार काय? पहिला बिल्डर दीड वर्ष चहा पिऊन गेला आणि एक दिवस फोन उचलेनासा झाला. त्यात आमच्याकडे कन्व्हेअन्सही नव्हतं. मूळ बांधणाऱ्यानं १९७६ ला जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची होती, ती दिलीच नाही. डीम्ड कन्व्हेअन्स, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारी आदेशानं जमीन नावावर, करून घेण्यात माझी निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं गेली. शेवटी मागच्या सोसायटीला बरोबर घेतलं, तिचं तोंड मोठ्या रस्त्याला आहे, आणि दोघींचं मिळून आता काहीतरी जमतंय. तीस टक्के जादा कार्पेट, म्हणजे आम्हाला ६०४ फूट, कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, आणि काम होईपर्यंत भाडं.

मापं घ्यायला आलेला मुलगा जेमतेम पंचविशीचा. लेझरचा ठिपका भिंतीवर मारायचा आणि टॅबवर आकडा लिहायचा. टेप धरायला दुसरा माणूस लागत नाही हे सासूबाईंना नवल. त्यांनी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीतला देव्हाऱ्याचा कोनाडा दाखवला. "हे धरलंस का रे?" तो म्हणाला, "आजी, कोनाडा कार्पेटमध्ये येत नाही, भिंतीच्या जाडीत जातो." सासूबाई म्हणाल्या, "पन्नास वर्षं देव बसलेत तिथे, आणि येत नाही कसा?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ठिपका मारला, आणि त्यांना दिसेल असं काहीतरी टॅबवर लिहिलं. अहवाल आला त्यात कोनाडा नव्हता. मी त्यांना सांगितलेलं नाही.

तर न विकण्याचं अजून एक, जरा स्वार्थी कारण हे: आत्ता विकणाऱ्याला जुन्या इमारतीचा भाव मिळतो, आणि थांबणाऱ्याला नवी जागा. भाच्याला हे उत्तर लगेच पटलं. सासूबाईंचं चालणं त्याला तितकंसं पटलं नव्हतं.

सध्या मी भाड्याची जागा शोधतेय. इमारत पाडली की दोन-तीन वर्षं कुठेतरी काढायची, आणि आमच्या बाराही घरांची अट एकच: नौपाड्यातच हवी, लिफ्ट हवी. मागच्या सोसायटीचीही तीच. पलीकडच्या गल्लीतल्या दोन इमारती आधीच रिकाम्या झाल्यात, त्यांचीही तीच. त्यामुळे बिल्डर जे भाडं देणार त्यात वन बीएचके मिळेना. एजंट म्हणतो, "मॅडम, मानपाड्याला बघा ना, याच भाड्यात टू बीएचके देतो." रविवारी पाचपाखाडीत एक बघायला गेलो. चौथा मजला, लिफ्ट दोन माणसांची, वॉशिंग मशीन बसवायला जागा नाही. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. खाली आल्यावर त्यांनी वॉचमनला विचारलं, "इथून घंटाळी चालत किती?"

तो म्हणाला, "रिक्षानं पाच मिनिटं."

दुसरी बघतोय.