एकट्या आईला पैशाची मदत कुठे मिळते

नवरा सोडून गेला तेव्हा पोरगी बालवाडीत होती आणि कळव्यातल्या खोलीचं भाडं माझ्या एकटीच्या पगारावर आलं, म्हणून ज्या बायका आत्ता त्या जागी आहेत त्यांना सांगते, आधी बालसंगोपन योजनेचं बघा. एकच पालक सांभाळतोय अशा मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळतात, वय 18 होईपर्यंत, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. सगळ्यांना लाडकी बहीण माहितीये, हे कोणी सांगतच नाही!

संजय गांधी निराधारचे 1500 पण आहेत, विधवा, घटस्फोटित, सोडलेल्या बायकांना, तहसीलमधून. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार, म्हणजे दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा बाहेर, हे मला अजिबात पटत नाही.

कागदांची एक फाईल कराच. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, मुलाचं बोनाफाईड, सगळ्याचे झेरॉक्स. मला एका काउंटरवर सरळ म्हणाले "मिस्टरांची सही आणा", मी म्हटलं साहेब तो असता तर इथे आले असते का, पोरगी माझी ओढणी धरून उभी होती, खूप लागलं ते.

आणि पोटगीसाठी वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका गं. बाईला उत्पन्न कितीही असो, कायद्याने मोफत वकील मिळतो, ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. जाताना लग्नाचा फोटो, पत्रिका जे असेल ते न्या, मुलांचे जन्मदाखले पण.