पेटंट एजंटची परीक्षा, दुसऱ्या खेपेला निघाली: माझा अनुभव

मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं, मग हडपसरला एका कंपनीत दोन वर्षं प्लेट्स ओतल्या. तिथून बाणेरला एका आयपी (बौद्धिक संपदा) फर्ममधे पेटंट सर्चच्या कामाला लागले तर आईचा पहिला प्रश्न, "आता काळा कोट घालणार का तू?" नाही गं बाई. पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज लिहून फाईल करणारा, व्हायला आपल्याकडे एलएलबी लागतच नाही, सायन्स नाहीतर इंजिनिअरिंगची डिग्री आणि सरकारी परीक्षा, बास.

पेपर १ कायद्याचा, पेपर २ ड्राफ्टिंगचा (पेटंटचा मसुदा लिहायचा), दोन्ही १०० चे, वर ५० ची व्हायवा, म्हणजे तोंडी. दोन्ही पेपरांत निम्मे मार्क पाहिजेत आणि एकूण ६० टक्के. ऑक्टोबर २०१८ ला बसले, पेपर १ निघाला, पेपर २ ला ४६! म्हटलं ठीके, पुढच्या वर्षी काढू. पुढची परीक्षा झाली थेट मे २०२३ ला. मधल्या काळात कोविड येऊन गेला, माझं लग्न झालं, मुलगी झाली, तिने माझ्या बेअर अ‍ॅक्टवर (पेटंट कायद्याच्या पुस्तकावर) नेमकी कलम ३ च्या पानावर हत्ती काढून ठेवले.

नापास का झाले ते मला शिकवणाऱ्या सरांनी नंतर सांगितलं. मी क्लेम, म्हणजे पेटंटने नेमकं कशाला संरक्षण हवं ते सांगणारं वाक्य, लिहायच्या ऐवजी लॅब रिपोर्ट लिहून आले होते. जिवाणू खताचा क्लेम सरावाला दिला त्यांनी, मी लिहिलं "कन्सिस्टिंग ऑफ" (म्हणजे फक्त एवढंच, बाकी काही नाही) आणि पुढे ३७ डिग्री वगैरे सगळं. सर म्हणाले, "म्हणजे कोणी यात चिमूटभर गूळ टाकला की तो सुटला, हो ना?" तिथे "कम्प्राइजिंग" (म्हणजे एवढं तर आहेच, आणखी काही असलं तरी चालेल) पाहिजे होतं. लॅबमधे नेमकं लिहायची सवय लागते आणि इथे तीच नडते.

लाइफ सायन्सेसमधे खरी डोकेदुखी कलम ३, म्हणजे कशाकशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी. जुन्या औषधाचं नुसतं नवं रूप आणलं तर ३(डी), ग्लिवेक हे कॅन्सरचं औषध त्यावरच २०१३ ला सुप्रीम कोर्टात अडकलं. नुसतं मिश्रण असेल तर ३(ई). आजीच्या काढ्याचं पेटंट मागायला येणारे तर दर महिन्याला एक, त्यांना ३(पी), म्हणजे पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही, हे समजावताना मी अमेरिकेतलं हळदीचं पेटंट १९९७ ला कसं रद्द झालं ते सांगते, ती लढाई लढवणाऱ्या शास्त्रज्ञ माशेलकरांचं नाव काढलं की पुणेकर शांतपणे ऐकतात.

एकदा नव्या जिवाणूचं प्रॉडक्ट केलेल्या एका क्लायंटला शुक्रवारी पेटंटचा अर्ज फाईल करायचा होता, पुढच्या आठवड्यात मोशीच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल होता म्हणून. बुधवारी संध्याकाळी सहज विचारलं, स्ट्रेन (तो जिवाणू) डिपॉझिट केलात ना? तर म्हणे, "कुठे, बँकेत?" अहो, नवीन जिवाणू नुसत्या शब्दांत पुरेसा सांगता येत नाही, म्हणून तो मान्यताप्राप्त कल्चर कलेक्शनमधे (सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या संस्थेत) ठेवावा लागतो, तोही फाईल करायच्या तारखेच्या आत. सुदैवाने बुडापेस्ट कराराखालचं (सूक्ष्मजीव डिपॉझिटचा आंतरराष्ट्रीय करार) असं कलेक्शन आपल्या पुण्यातच आहे. तरी फॉर्म, व्हायल्स, सगळं दोन दिवसांत कुठलं व्हायला, फायलिंग पुढे ढकललं आणि फाईल करायच्या आधी लोकांना दाखवलं तर नवेपणा जातो म्हणून ते प्रॉडक्ट स्टॉलवर ठेवू दिलं नाही. महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

व्हायवाला नेमका सूक्ष्मजीव डिपॉझिटवरच प्रश्न आला, मी इतकं सांगत सुटले की समोरच्यांनीच थांबवलं.

कोणी तयारी करत असेल तर रोज दोन क्लेम हाताने लिहा, टाईप करू नका. माझा पेपर २ हाताने लिहायचा होता आणि शेवटी शेवटी बोटं पार आखडली होती.