पंचक्रोशीतली चाल आणि वेग

माळव्यात जो वैशाख वद्य, तो आम्हा इंदुरी मराठ्यांच्या घरच्या पंचांगात चैत्र वद्य. त्या दशमीला उज्जैनची पंचक्रोशी, म्हणजे शहराभोवतीची पायी यात्रा, निघते. पाटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून यात्रेसाठी बळ मागून घेतले, पिंगलेश्वराचा पहिला मुक्काम झाला आणि करोहनची २३ किलोमीटरांची उन्हातली वाट सुरू झाली.

हरिपाठाच्या ऐन मध्यावर मेहुणा फोन पुढे करून सांगे, “भाऊजी, वेग ताशी ५!” जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला हे उन्हापेक्षा जाचक होते, कारण फोन दाखवत होता ती नुसती चाल, म्हणजे किती वेळात किती अंतर कापले एवढेच, आणि वेग सांगायचा तर दिशाही सांगावी लागते. पिंगलेश्वरापर्यंत आम्ही पूर्वेला चाललो होतो, आता दक्षिणेकडे वळलो होतो. ५ चे ५ राहूनही आमचा वेग बदलला होता.

दुपारी टाचेचा फोड फुटला. डांबर इतके तापले होते की पाऊल टेकवताना ज्ञानोबांचे नाव आणि एक अभद्र शब्द जोडीने तोंडी येत होता. लिंबाखाली पाणी वाटणाऱ्या एका बाईने काही न विचारता माझा पाय आपल्या मांडीवर घेतला, गार पाण्याने धुतला आणि लुगड्याची चिंधी घडी करून टाचेखाली बांधली. मी संकोचाने पाय मागे घेऊ लागलो, तर तिने घोटा घट्ट धरला; यात्रेकरूचा पाय तिला पुजेचाच वाटत असावा. तिथून मी ताशी २ ने निघालो, पण करोहनच्याच दिशेने.

मेहुणा मात्र विसरलेली छत्री आणायला किलोमीटरभर मागे जाऊन पुन्हा लिंबाखाली आला. तेवढ्या वेळातले त्याचे अंतर २ किलोमीटर, विस्थापन, म्हणजे निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतचे सरळ अंतर, मात्र शून्य, तरी तो म्हणाला, “मी तुमच्यापेक्षा जास्त चाललो!”

अंबोदिया झाले. जैथलला बाट्या भाजताना मी त्याला हिशेब मांडून दिला: यात्रा ११८ किलोमीटरांची, पण बळ परत करायला, मातीचे घोडे वाहायला पुन्हा नागचंद्रेश्वरापाशीच जायचे, म्हणून एकूण विस्थापन शून्य आणि त्याला वेळेने भागून येणारा सरासरी वेगही शून्य. त्याने आपले २ मिळवून १२० केले. त्याची सरासरी चाल किंचित वाढली, वेगाच्या अंशस्थानी शून्यच राहिले, आणि उंडासा येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.